हनुमानच्या वाटणीचे शेंगोळे

भागवत सरांनी वैष्णवीचं ताट उचलून थेट चुलीपाशी आणलं. भाकरीचा एक कोपरा तेवढा मोडलेला होता. वरण थिजून गेलं होतं.

"मावशी, तुम्हीच बघा. आज बावीस दिवस झाले."

तुळजाबाईने तव्यावरची भाकरी उलटली, हात पदराला पुसले आणि वरणाचं बोट जिभेवर ठेवलं.

"मीठ बराबर हाय. करपलंबी न्हाई."

"स्वयंपाकाचा दोष नाही हो. पण लेकरू वाळत चाललंय. तिच्या वडलांना फोन केला मी. गुरुवारी येतो, घेऊन जातो म्हणाले."

तुळजाबाईने भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी केली. ती टम्म फुगली, तशी काढून दुरडीत टाकली.

"आज सोमवार हाय," मग ती म्हणाली. "गुरवारपस्तर ती जेवली तर?"

"तर मी कशाला पाठवू तिला?"

"मग झालं. जेवती ती. ठिवा ताट तितं."

पालीच्या पुढच्या त्या कोरडवाहू गावात दिवाळी सरली की निम्म्या घरांना कुलपं लागत. नवरा-बायको कोयते घेऊन ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडे जात, ते उन्हाळ्यातच परतत. मागे राहिलेल्या पोरांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृह चाले. यंदा बत्तीस पोरं होती. त्यांचा सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक तुळजाबाईकडे होता, हे चौथं वर्ष. त्याआधी बावीस हंगाम तिने स्वतः ऊस तोडला होता. कंबरेने जबाब दिला तेव्हा कोयता सुटला.

मिळालेल्या शिध्यात ती काय करी, हे बघायला शेजारच्या शाळेतल्या स्वयंपाकीणबाई येऊन गेल्या होत्या. डाळ कमी पडली तर तुळजाबाई तिच्यात शेंगदाण्याचं कूट टाकी आणि लसणाची फोडणी अशी देई, की पोरं वाटी चाटून ठेवत. शिळ्या भाकरी तिखट-हळदीवर परतल्या की नव्या भाकरीला कुणी हात लावत नसे. दुपारी ती गावातल्या बायकांनी दिलेल्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवी. पोरांना मिळालेली ब्लँकेटं पातळ होती. अकरा गोधड्या झाल्या होत्या, बारावी मांडीवर होती. आपल्या हाताबद्दल तिला कधी शंका आली नाही.

सोमवारी संध्याकाळी तिने धपाटे केले. मंगळवारी सकाळी गूळ घालून हुलग्याचं पातळ माडगं. संध्याकाळी शेंगोळे, हुलग्याच्या पिठाच्या कड्या रश्श्यात शिजवलेल्या. दर वेळी वैष्णवीने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"चांगलंय मावशी."

याचा तुळजाबाईला राग आला. नावं ठेवली असती तर दुरुस्त करून दाखवलं असतं. चांगलंय म्हणणाऱ्याला काय वाढायचं?

बुधवारी शाळेला सुट्टी होती. पोरं मैदानात होती. तुळजाबाई ओसरीत गोधडी घेऊन बसली, तशी वैष्णवी येऊन शेजारी टेकली. नऊ वर्षांची, चौथीत. मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत वर चढत होती. थोडा वेळ धावदोरा बघून तिने खाली पडलेल्या चिंध्या गोळा केल्या.

"घेऊ का मावशी?"

"घी की."

तिने लाल चिंधीत कापूस भरला, वरून दोरा आवळला, तुराटीच्या चार काड्या खोचल्या. बघता बघता बैल उभा राहिला. शिंगांसाठी तिने चिंधीची दोन टोकं पिळली. हात सराईत होता.

"कुनासाठी गं?"

"हनुमानसाठी. माझा भाऊ. दोन वर्साचा हाय." ती बैलाकडेच बघत होती. "बैल दावला की तोंड उगडतंय ते. मग पट्दिशी घास घालायचा. एक घास त्याला, एक मला. आई तर रानात असती. मीच चारते त्याला."

तुळजाबाईची सुई थांबली.

"मंग हितं कावून जेवत न्हाईस?"

"तोंडापस्तर येतोय घास." वैष्णवीने बैलाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "पन पयली त्याची पाळी असती."

तुळजाबाईने सुई गोधडीत टोचून ठेवली. तीन दिवस ती या पोरीला काय चारावं याच विचारात होती. पोरगी भरवून घेणारी नव्हतीच. भरवणारी होती.

"ऊठ," ती म्हणाली. "हात धू. मला हाताखाली मानूस पायजे."

चुलीपाशी तिने परातीत हुलग्याचं पीठ काढलं, मूठभर ज्वारीचं टाकलं. लसूण, मिरची, जिरं वाटून घातलं. वैष्णवीने पीठ घट्ट मळलं, दोन्ही तळव्यांत वळलं. तुळजाबाई टोकं जुळवून कडी करत होती. वैष्णवीच्या पुढ्यात मात्र चिमणी बसली होती. तिच्याशेजारी बैल, मग साप, मग चप्पल.

"चप्पल कशाला गं?"

"हनुमान चप्पल आवडीनं खातो."

तुळजाबाई इतकी हसली, की बाहेरची दोन पोरं डोकावून गेली.

संध्याकाळी पंगत बसली. वसतिगृहात सगळ्यात लहान दिपाली, पहिलीतली. तुळजाबाईने वैष्णवीला तिच्याशेजारी बसवलं आणि एकच वाटी दोघींच्या मध्ये ठेवली.

"हिला चार. एक हिला, एक तुला."

"मी काय बारकी हाय का?" दिपाली फुरंगटली. पण रश्श्यातून चिमणी वर आली आणि तिचं तोंड आपोआप उघडलं. वैष्णवीने घास घातला. मग तिची पाळी आली. तिने बैल उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि खाल्ला. पुन्हा दिपाली. पुन्हा ती. वाटी संपली तेव्हा दिपाली कंटाळून पळाली होती. वैष्णवी एकटीच वाटीला भाकरी लावून पुसत होती. तुळजाबाईने दुसरी वाटी तिच्यापुढे सारली आणि भांडी घासायला वळली.

गुरुवारी सकाळी वैष्णवीचा बाप, अंगद आला. रात्रभर गाडीत बसून आलेला, नखांत उसाचा काळा मळ, अंगावर मळका सदरा. वैष्णवी धावत जाऊन त्याच्या कंबरेला बिलगली आणि तिने पहिलं हेच विचारलं, "हनुमान जेवतो का?"

"जेवतो की," अंगद म्हणाला, पण त्याने मान दुसरीकडे वळवली.

भागवत सरांनी कालपासूनची हकीकत सांगितली. "आता जेवते ती. न्यायची गरज नाही."

"तरीबी नेतो, सर."

तुळजाबाई पुढे आली. "कावून?"

अंगदने पोरीला चिंध्यांचा बैल आणायला आत पिटाळलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, बारकं उसाच्या फडात एका जागी ऱ्हात न्हाई. परवा गाडीच्या चाकापाशी गेलतं. थोडक्यात वाचलं. कारभारीन म्हनली, पोरीला आन. तिच्याबिगर ते कुनाचं ऐकत न्हाई."

तुळजाबाईने ती चाकं बावीस हंगाम बघितली होती. तिने अंगदला पाटावर बसवलं, कालच्या शेंगोळ्यांची वाटी पुढे ठेवली आणि समोर बसली.

"खा. लेकीनं केल्यात."

तो खाऊ लागला तशी ती म्हणाली, "माझी रोहिणी. तिलाबी मी अशीच नेली. धाकट्याला सांभाळायला. एकाच सालासाठी. गुरुजींना सांगितलंतं, शाळेतलं नाव काडू नका, येतीय ती."

"मग?"

"आता तीबी तिकडंच हाय. कोयत्यावर. आन तिची पोरगी तिच्या बारक्याला सांभाळती."

अंगदचा घास वाटीतच राहिला.

"तुमच्या टोळीत म्हातारं मानूस हाय का?" तिने विचारलं.

"सटवादादाची आई हाय. पाचटाच्या कोपीत भाकरी टाकत असती."

"बारकी पोरं किती?"

"सा-सात."

"मंग म्हातारीला भाकरी टाकू देऊ नका. तिची भाकर एकेका दिवशी एकेका कोपीतून यायला पायजे. तिनं निस्ती पोरं बगायची, फडापासून लांब, झाडाखाली. आमी शेवटची सात सालं असंच केलं. एका लेकराला खरचटलं न्हाई."

"पयल्यापासून कावून न्हाई केलं?" अंगदने सरळ मनाने विचारलं.

"पयलं सुचलं न्हाई," तुळजाबाई म्हणाली आणि त्याच्या वाटीत आणखी रस्सा ओतला.

जेवून अंगद फोन घेऊन मैदानाच्या टोकाला गेला. बराच वेळ टोळीतल्यांशी हातवारे करत बोलत होता. परत आला तेव्हा त्याने आधी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"संक्रांतीपस्तर बगतो, सर. जमलं तर जमलं. न्हाई तर येईन न्यायला."

वैष्णवी रडली नाही. तिने बापाला खाली बसवलं आणि बैल त्याच्या हातात दिला.

"आदी बैल दावायचा. तोंड उगडलं की मग घास. घाई करायची न्हाई. करून दावा."

अंगदने बैल नाचवला. फार जोरात नाचवला.

"आसं न्हाई हो आबा! त्यो भिईल ना! हळू."

तिसऱ्या वेळेला त्याला जमलं. शाळेची घंटा झाली. वैष्णवी दप्तर घेऊन वर्गाकडे निघाली, अर्ध्या वाटेत एकदा वळली, मग आत गेली.

तुळजाबाई अंगदबरोबर फाट्यापर्यंत चालत गेली. तिला मीठ आणायचं होतंच. फाट्यावरच्या दुकानातून तिने ते घेतलं. एसटी आली, अंगद चढला, खिडकीपाशी बसला. बैल त्याने सदऱ्याच्या आत ठेवला होता, छातीशी. गाडी सुरू झाली तसं त्याला काही आठवलं. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मावशी, चौथीनंतर शाळा कुटं असती?"

"हितंच!" ती म्हणाली. पण इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नाही. त्याने कानाला हात लावला. गाडी वेग धरत होती. तुळजाबाई मिठाची पिशवी सावरत चार पावलं तिच्यामागे धावली.

"हितंच हाय! दहावीपस्तर हाय!"

फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून तिच्याकडे बघू लागली.