फ्राइड राइसचं पोषणमूल्य

जगदेवरावांनी दुधात कालवलेल्या प्रोटीन पावडरचा पेला ओठांना लावला, घोटभर तोंडात धरला आणि शांतपणे पुन्हा पेल्यात सोडून दिला.

"सूनबाई, हे भिंतीला लावायचं असतं," ते म्हणाले. "माणसाला नाही."

स्नेहलताने पेला उचलला. बडोद्यातल्या एका मोठ्या खाजगी इस्पितळात ती आहारतज्ज्ञ होती. नव्वदीनंतर शहरात पैसा आला आणि पैशापाठोपाठ पोटं आली. दुपारी लोण्यात बुडालेली पावभाजी चापून संध्याकाळी वजन उतरवायचं औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकांची तिला मनापासून घृणा होती. उपासाच्या दिवशी तळणाचं ताट संपवून "आज तो उपवास छे" म्हणणाऱ्या बायकांची त्याहून जास्त. माणसं तोंडाने नाही, अडाणीपणाने खातात, असं तिचं पक्कं मत झालं होतं.

आणि तिच्याच घरात एक माणूस अन्नावाचून वाळत चालला होता. जगदेवरावांचं पोट उघडून डॉक्टरांनी आतली गाठ पाहिली होती आणि ती न काढताच टाके घातले होते. आता जे खातील ते द्या, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पण सासरे काही खातच नव्हते. मुगाचं कढण, नाचणीची पेज, पनीर घालून मऊ केलेला भात, सगळं तसंच परत येई.

"काय खावंसं वाटतं ते तरी सांगा, आबासाहेब," एके सकाळी ती वैतागून म्हणाली.

"डुक्कर," जगदेवराव म्हणाले.

संस्थानाच्या काळात ते तरुणपणी शिकारखान्यात नोकरीला होते. हाकाऱ्यांच्या मागे रानात राहून त्यांनी रानडुकराचं मटण खाल्लं होतं, आणि त्या चवीपुढे नंतरचं सगळं त्यांना पाणचट वाटत आलं होतं. पण मास्तरांच्या शाकाहारी घरातून आलेल्या स्नेहलताने लग्नाच्या वेळी एकच अट घातली होती, घरात मांस शिजणार नाही. सासूबाई गेल्यावर तर त्या विषयाचा उल्लेखही बंद झाला. जगदेवरावांनी कधी तक्रार केली नव्हती. ते फक्त सुनेच्या प्रत्येक भाजीकडे दयेने बघत.

तिचा नवरा गजेंद्र रिफायनरीत होता. वडिलांची मागणी ऐकून तो ओशाळला. म्हातारपणी माणूस भ्रमतो, तू लक्ष देऊ नकोस, असं म्हणत त्याने चपला घातल्या आणि ड्यूटीवर निघून गेला. हा नवरा मित्रांबरोबर बाहेर कोंबडी खाऊन येतो आणि जिन्यात उभा राहून बडीशेप चघळतो, हे स्नेहलताला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. कोंबडीपेक्षा तिला त्या बडीशेपेचीच चीड यायची.

त्या संध्याकाळी इस्पितळातून सुटल्यावर तिने स्कूटी निजामपुऱ्याच्या घराकडे न वळवता फतेगंजकडे घेतली. परदेशी विद्यार्थ्यांच्या गर्दीमुळे तिथे एक चायनीज खाणावळ चालत होती. रानडुक्कर मिळणं शक्यच नव्हतं. डुकराच्या नावाने तिथे एकच गोष्ट मिळत होती, पोर्क फ्राइड राइस. कढईत कालचा भात पडला, त्यावर काळा सॉस, त्यावर पांढऱ्या पुडीतलं मीठ, मग तेल, आणि पुन्हा तेल. स्नेहलता नाकाला पदर लावून बघत राहिली. एखाद्या पेशंटने हे खाल्लं असतं तर तिने त्याला उभा फाडला असता.

घरी आल्यावर तिने डबा उघडून सासऱ्यांपुढे ठेवला.

"हे चांगलं अन्न नाही," तिने सुरुवातीलाच बजावलं. "यातल्या भाताला सत्त्व नाही. मीठ दिवसभराचं एकाच बशीत आहे. तेल तर विचारूच नका. एक मांस तेवढं कामाचं. त्यात वीसेक ग्रॅम प्रोटीन आहे, बी-वन व्हिटॅमिन आहे, थोडं लोह आहे. मांस खा, भात राहू द्या."

जगदेवरावांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"हे रानात धावलेलं नाही," ते म्हणाले. "हे कंटाळून मेलंय."

पण त्यांनी तो तोंडात टाकला. बराच वेळ चावला. कवळी दाद देईना. स्नेहलताने थोडा वेळ पाहिलं, मग पाटावर समोर बसून भातातून एकेक तुकडा निवडला आणि बोटांनी त्याचे धागे काढून त्यांच्या बशीत ठेवू लागली. आयुष्यात तिने पहिल्यांदाच मांसाला हात लावला होता. जगदेवराव मात्र त्या खाणावळीला, कढईला आणि आचाऱ्याला नावं ठेवत सगळं मांस खाऊन गेले.

मग हे दोन-तीन दिवसांआड होऊ लागलं. त्यांच्या आवाजात थोडं बळ आलं. जिन्यात वास राहू लागला.

घर भाड्याचं होतं आणि घरमालक सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई यांचा मेहुणा होता. एका रविवारी किरीटभाई आणखी दोघांना घेऊन आले, सोफ्यावर बसले, पाणी नको म्हणाले. इमारतीत मांस चालत नाही, हा सोसायटीचा नियम त्यांनी फार गोड शब्दांत सांगितला. शेवटी गजेंद्रकडे बघत म्हणाले, "अमारे झगडो नथी करवो. सोयाबीन हतुं, एम कही दो. वात पूरी."

"सोयाबीनच होतं," गजेंद्र लगेच म्हणाला. "सोयाबीनच आणते ही."

आतल्या खोलीत जगदेवरावांचा खोकला मध्येच थांबला.

स्नेहलताने नवऱ्याकडे पाहिलं. फुकट गेलेल्या औषधाकडे बघावं तसं.

"डुक्कर होतं," ती म्हणाली. "भात रद्दी, तेल रद्दी, पण मांसात प्रोटीन होतं. तुमच्या घरच्या फराळी चेवड्यात ते नसतं, किरीटभाई. मागच्या महिन्यात इस्पितळात तुमच्या शुगरचा रिपोर्ट मीच वाचला होता. तुम्ही काय खाता ते मी तुमच्या शेजाऱ्यांना विचारायला गेले नव्हते."

तिघेही उठले. महिनाअखेर घर रिकामं करायचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. गजेंद्र बायकोशी बोलेनासा झाला. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

त्या रविवारी पाहुणे गेल्यावर जगदेवरावांनी तिला आत बोलावलं होतं.

"तू कधी चाखून बघितलंस?"

"नाही. मला किळस येते."

"मग एवढं भांडलीस कशाला?"

"तुम्ही जेवत होतात म्हणून," ती म्हणाली आणि त्यांची चादर नीट करू लागली.

जुन्या शहरात, मांडवी दरवाज्याच्या आत, एका गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. तिथे सामान लागायच्या आतच जगदेवराव गेले. पण निजामपुरा सोडायच्या सकाळी ते अजून चालू शकत होते. खुर्चीत बसवून खाली न्यायचं म्हटल्यावर त्यांनी खुर्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सुनेचा दंड धरून ते एकेक पायरी उतरले. प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबले, तेव्हा बंद दारांमागची बोलणी थांबत आणि ते पुढे निघाले की पुन्हा सुरू होत. गजेंद्र केव्हाच खाली जाऊन मान खाली घालून टेम्पोतल्या सामानाच्या दोऱ्या आवळत होता.

जगदेवरावांना टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसवलं. पुढे जागा उरली नाही. स्नेहलता इस्पितळात जाताना नेसायची ती खळीची साडी नेसली होती. ती मागच्या फळकुटावर पाय देऊन वर चढली आणि गुंडाळलेल्या गाद्यांवर ताठ बसली. टेम्पो सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडला, तेव्हा गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती. ती एकेका गॅलरीकडे बघत गेली, आणि एकेक माणूस आत गेला.