अम्मीच्या दातांवरची तार

मय्यताला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, देताना अंगावरचं जे सहज निघतं ते काढून ठेवतात. बांगड्या, कानातलं, अंगठी, कवळी असली तर कवळी. खुदेजाखालानं हे मला फोनवर सांगितलं आणि मी ते कागदावर लिहून घेतलं, कारण सकाळपासून हातांना काहीतरी काम हवं होतं. अम्मी पहाटे पाचला गेली होती. झोपेतून उठून बसली, अब्बांकडे पाणी मागितलं आणि ते पाणी घेऊन येईपर्यंत गेली. इस्पितळातले कागद दुपारपर्यंत झाले. दुपारी जोहरच्या नमाजानंतर गुसल आणि उन्हं कलताना असरच्या नमाजानंतर दफन असं ठरलं.

"आणि दातांना तार असेल तर?" मी विचारलं.

"कसली तार?"

"दात सरळ करायची. चिकटवलेली असते."

"सकिनाला? ह्या वयात?" खुदेजाखाला थांबली. ती श्रीवर्धनची. इथं आखातात, रुवीत, बायकांचे कपडे शिवते आणि आमच्या कोकणी लोकांत कुणी बाई गेली की गुसलाला तिलाच बोलावतात. "अल्ला माफ करो. बघू. सहज निघाली तर काढू. जोर नाय करायचा, मेहनाज. मेलेल्या माणसाला दुखवणं जित्याला दुखवण्यासारखंच."

सहज निघणार नाही हे मला ठाऊक होतं. तरीही ती तार निघायलाच हवी होती. अम्मीला त्या तारेसकट मातीत ठेवायचं नाही, एवढं एकच मी त्या दिवशी ठरवलेलं होतं. बाकी सगळं इतर लोक ठरवत होते.

पावणेदोन वर्षांपूर्वी मी हिबाला, माझ्या मुलीला, रुवीतल्या दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा अम्मी नुसती सोबतीला आली होती. हिबा अकरा वर्षांची. वरचे दात पुढे, खालचे एकमेकांच्या पाठीमागे लपलेले. अगदी अम्मीचेच. डॉक्टर शैला साताऱ्याच्या. त्यांनी हिबाच्या जबड्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि समजावून सांगितलं. मुलांचं हाड वाढतं असतं, त्यामुळे दातांबरोबर जबड्यालाही थोडं वळण लावता येतं. उशीर केला तर ती सोय जाते.

अम्मी खुर्चीच्या कडेवर बसली होती. "आणि मोठ्यांचं?" तिनं विचारलं. "म्हणजे कोणी पन्नाशीचं आलं तर?"

"तर जबडा बदलत नाही, पण दात सरकतात. सावकाश."

"म्हणजे भाजलेलं मडकं."

"मडकं नाही हो. दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड विरघळतं आणि मागे नवीन भरतं. जिवंत असतं ते. हिरड्या चांगल्या असल्या, म्हणजे झालं. कोण आहे पन्नाशीचं?"

अम्मीनं माझ्याकडे बघितलं नाही. "मी," ती म्हणाली. "चोपन्न. हर्णैच्या शाळेत मला फावडी म्हणायचे."

मला हे माहीत नव्हतं. माझ्या आईला एके काळी कुणी काही नावानं चिडवत असेल, असा विचारच मी कधी केला नव्हता.

अब्बांनी आठवडाभर तिची चेष्टा केली. गाला भागात त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, कागदोपत्री एका अरबी मालकाच्या, अर्बाबच्या, नावावर. ते म्हणाले, "अर्बाबला सांगतो, आमच्या घरात नवीन स्पेअर पार्ट बसवतायत, मॉडेल जुनं हाय."

"जुनं असलं तरी चालू हाय," अम्मी म्हणाली. "तुमच्यासारखं धक्का मारून सुरू करायला लागत नाय."

एकाच दिवशी नातीच्या आणि आजीच्या दातांवर तार बसली. हिबानं रबरांचा रंग निळा घेतला, म्हणून अम्मीनंही निळा घेतला. पहिले चार दिवस दोघी मऊ भात आणि सांदणं दुधात बुडवून खात होत्या आणि एकमेकींना आरशात दाखवून ओरडत होत्या.

"नानी, यू लुक लाइक माय क्लासमेट."

"मग बाकावर सरक जरा."

पण अम्मी शिकणारी निघाली आणि हिबा उनाड. अम्मी जेवल्यावर प्रत्येक वेळी सात-आठ मिनिटं लहान ब्रशनं दात घासायची. वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत लावायची बारीक रबरं ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसरात्र लावायची. रमजानात तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं, रोजा असताना ती लावून ठेवली तर चालतील ना. हिबाची रबरं दप्तराच्या तळाशी सापडायची. कॅफेटेरियातल्या लिंबू-पुदिन्यातला बर्फ ती कडाकडा चावायची आणि दर महिन्याला दातावर चिकटवलेली एखादी चकती निखळून यायची. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायच्या, "आणखी महिनाभर वाढला गं हिबा." ती खांदे उडवायची. बारा-तेराव्या वर्षी महिना म्हणजे काहीच नसतं.

गेल्या महिन्यात हिबाची शाळेत चाचणी होती, म्हणून आम्ही दोघीच गेलो. डॉक्टर शैलांनी अम्मीच्या तोंडात आरसा फिरवला, पुन्हा फिरवला आणि मागे टेकून बसल्या. "सकिनाबाई, मी चोवीस महिने सांगितले होते. तुम्ही चार आधी पोचलात. पुढच्या गुरुवारी काढून टाकू."

अम्मीनं दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले.

मी विचारलं, "हिबाचं किती राहिलंय?"

"पाच आठवडे. आता नीट वागली तर."

मग मी म्हटलं, दोघींचं एकाच दिवशी काढू या का? मला एकदाच रजा टाकावी लागेल. आणि बसवली एकाच दिवशी, तर काढतानाही दोघींचा एकत्र फोटो होईल. हे मी हसत हसत म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, चालेल, नुकसान काही नाही, तारेचं काम झालंय, आता ती नुसती दात धरून ठेवेल. मग आम्ही दोघींनी अम्मीकडे पाहिलं.

"तुझी सोय असेल तसं," अम्मी म्हणाली.

अम्मी गेली तेव्हा त्या दिवसाला अजून नऊ दिवस होते.

मी डॉक्टर शैलांना साडेअकराला फोन केला. काय विचारायचं ते मनात मांडून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "अम्मी गेली. तार काढायची आहे." त्या म्हणाल्या, "कुठे यायचं?"

अमरातच्या कब्रस्तानाशेजारी गुसलाची खोली आहे. रुवीहून डोंगराचा रस्ता चढून उतरायला अर्धा तास लागतो. डॉक्टर आल्या तेव्हा डोक्यावरून ओढणी नीट घेतलेली होती आणि हातात एक लहान पेटी होती. त्या दारातच थांबल्या. "मी आत आले तर चालेल का?"

खुदेजाखालानं त्यांना खालीवर बघितलं. "डॉक्टर ना तुम्ही? या. चपला तेवढ्या बाहेर."

आत संगमरवरी ओटा, नळ, बादल्या, कापूर. अम्मीवर पांढरी चादर होती. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधलेली पट्टी खुदेजाखालानं सोडली. डॉक्टरांनी हातमोजे घातले, अंगठ्यानं वरचा ओठ हळूच उचलला आणि खाली वाकल्या. मग जबडा उघडायचा प्रयत्न केला. तो उघडला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, अगदी हलकेच, आणि हात काढून घेतला.

"आठ तास झाले," त्या मला म्हणाल्या. "घट्ट झालाय. मागच्या दाढांपर्यंत मी पोचू शकत नाही. जोर लावावा लागेल."

"जोर नाय," खुदेजाखाला म्हणाली.

"नाही, मी लावणारही नाही. समोरचे सहा-सहा मोकळे करता येतील. हसताना दिसतात तेवढे. चकत्या चिमट्यानं दाबल्या की निघतात, दाताला काही होत नाही. पण तार मध्येच कापावी लागेल." त्या थांबल्या. "कापलेली टोकं राहतील. दोन्ही बाजूंना."

"टोकं म्हणजे?"

"गालात. आतून."

मी अम्मीच्या गालाकडे बघितलं. तो किती मऊ होता हे मला हात न लावताही ठाऊक होतं. टोचण्याचा आता प्रश्न नव्हता, हे खोलीतल्या तिघींनाही कळत होतं आणि तिघींपैकी कुणीही तसं म्हटलं नाही.

"वेळ जातोय बाय," खुदेजाखाला हळूच म्हणाली. "बाहेर तुझे अब्बा उभे हायत. तू लेक हायस, तू बोल."

"राहू द्या," मी म्हटलं.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. पेटी बंद केली. त्या बाहेर जाऊन भिंतीपाशी बसल्या आणि दफन होईपर्यंत थांबल्या.

गुसल देताना मय्यताच्या तोंडात पाणी ओतत नाहीत. बोटाला ओलं फडकं गुंडाळून दात पुसतात. खुदेजाखालानं फडकं माझ्या हातात दिलं. मी उजवीकडून सुरुवात केली. फडक्याचा एक धागा चकतीच्या आकड्याला अडकला, तो मी सोडवला. फडक्यातून मला दात लागत होते. एकही पुढे नव्हता, एकही मागे नव्हता. एवढ्या वर्षांत मी माझ्या आईच्या दातांना कधी बोट लावलं नव्हतं. मुलांचे दात आपण बघतो, मोजतो, पडला तर जपून ठेवतो. आईच्या तोंडात कोण बघतं?

मग पाणी, मग कापराचं पाणी, मग कफन. ओठ मिटलेले होते. बाहेरून काहीच कळत नव्हतं.

अब्बा आत आले, चेहरा बघितला. मग माझ्याबरोबर बाहेर आले. यासिर, माझा नवरा, माणसांना गाड्यांत बसवत होता.

"निघाली का ती?" अब्बांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी मान हलवली. "दात कसे झाले होते?"

"सरळ. अगदी सरळ, अब्बा."

"मला दाखवायची नाय. निघाल्यावर बघा म्हणायची. गेला महिनाभर माझ्यासमोर तोंड मिटून हसत होती."

तेव्हा मी सांगितलं. गुरुवारचं, रजेचं, फोटोचं, सगळं. तार तीन आठवड्यांपूर्वीच निघणार होती आणि मी ती राहू दिली, हे सांगितलं. ते माझ्याकडे बघत होते, पण ऐकतायत की नाही ते कळत नव्हतं. यासिरनं लांबून हाक मारली. अब्बा दोन पावलं चालले आणि वळले.

"हे हिबाला सांगू नको," ते म्हणाले. "कधीच. तिला वाटेल, आपण बर्फ खाल्ला, म्हणून नानीची राहिली."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दिवसभर मी माझ्या चुकीचाच विचार करत होते. ती चूक हिबापर्यंत पोचू शकते, हे सकाळपासून माझ्या मनातही आलं नव्हतं.

नवव्या दिवशी मी हिबाला घेऊन दवाखान्यात गेले. ती नको म्हणत होती. मग म्हणाली, चल. डॉक्टरांनी एकेक चकती दाबून काढली, उरलेला गोंद घासून साफ केला, आणि दात पुन्हा जागचे हलू नयेत म्हणून लावायच्या पट्टीचं माप घेतलं. ही पट्टी मात्र रोज लावायची, त्या म्हणाल्या. हिबानं खांदे उडवले नाहीत.

आरसा हातात घेऊन ती बसली. दातांकडे बघत होती की दुसरीकडे, सांगता येणार नाही.

"मम्मा, नानीची ट्रीटमेंट कम्प्लीट झाली होती?"

डॉक्टर शैला ट्रेमधली हत्यारं आवरत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वीस महिने जेवल्यावर प्रत्येक वेळी अम्मी न्हाणीघरात जाऊन उभी राहायची, ते मला दिसलं. चार महिने आधी पोचलात, हे ऐकून तिनं हात मांडीवर कसे ठेवले होते, तेही दिसलं.

"नाही बाळा," मी म्हटलं. "थोडी राहिली होती."