विमानबाबाचा जोडीदार

साहेब, ते विमान तुमचं, लष्कराचं होतं. लढाईच्या शेवटच्या वर्षी ते धुक्यात डोंगराला धडकलं, तेव्हा तुमची माणसं दोरखंड घेऊन वर गेली. वैमानिकाचं प्रेत नेलं, बंदुका नेल्या. बाकीचा सांगाडा तिथेच टाकून 'आत जाण्यास मनाई' अशी पाटी ठोकली आणि हात झटकून मोकळे झालात. आत नेमकं काय आहे, हे गावातल्या एकालाही सांगितलं नाहीत. पाटी वाऱ्याने उडाली, सांगाडा राहिला. उघड्यावर टाकलेल्या गुळाकडे मुंग्यांना आमंत्रण लागत नाही.

पहिली मुंगी म्हणजे विमानबाबा. हा गृहस्थ मोटारतळावर तिकिटं फाडायचा. नोकरी गेली, डोंगरावर चढला, आणि बाबा होऊनच खाली उतरला. विमानाचेच पत्रे ठोकून त्याने खोपट उभारलं. दार लावलं की आत काळाकुट्ट अंधार, आणि अंधारात विमानातली एक हिरवट तबकडी लुकलुकायची. आकडे चमकायचे, काटा चमकायचा.

त्या रविवारीही खोपटात माणसं दाटीवाटीने बसली होती. बाबा आळवून आळवून बोलत होता, "तेल नाही, वात नाही, वीज नाही! तरी इतकी वर्षं जळतोय! हा दिवा नाही, बाळांनो, हा वैमानिकाचा प्राण! आणि काटा कुठे थांबलाय बघा. शून्यावर! शून्य म्हणजे काय? ब्रह्म!"

"ती वेग दाखवणारी तबकडी आहे," अंधारातून एक आवाज आला. "विमान डोंगरात रुतलंय, वेग शून्यच दाखवणार. आमच्या शाळेची मोटार बंद पडते, तेव्हा तिचाही काटा ब्रह्मातच असतो."

दोघेतिघे फिसकन हसले. बाकीच्यांनी 'श्श' केलं. बोलणारी होती शाळेतली विज्ञानशिक्षिका. सगळे तिला बाई म्हणत. पडलेली विमानं पाहत फिरायचा तिला नाद होता. नकाशा काढायचा, डोंगर चढायचा, शेपटीवरचा नंबर वाचायचा, घटकाभर गप्प उभं राहायचं आणि घरी यायचं. मेलेल्या माणसाला याहून जास्त काही देता येत नाही, असं तिचं मत. इथे मात्र मेलेल्याच्या जिवावर दुकान चाललं होतं, आणि पहिल्याच रांगेत तिची सख्खी ताई बसली होती. मांडीवर सात वर्षांची ठमी. तापातून उठल्यापासून पोर डावा पाय ओढत चालायची.

"येत्या रविवारी," बाबाने जाहीर केलं, "या पोरीला उजेडाचं पाणी देणार. प्राणाची चिमूटभर भुकटी, घोटभर पाण्यात. पाय उड्या मारेल!"

"मी प्यालोय," शेजारचा शिंपी अभिमानाने म्हणाला. "दोनदा."

 बाई ताईच्या मागोमाग थेट तिच्या स्वयंपाकघरात गेली.

"ताई, ती भुकटी म्हणजे तबकडीवरून खरवडलेला रंग, विष आहे ते. त्या रंगात रेडियम असतं. असल्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांनी ओला करायच्या. त्यांचे जबडे सडले, ताई. कित्येकजणी मेल्या."

"झालं तुझं पुस्तक वाचून?" ताईने कढई आपटली. "तुझा डॉक्टर काय म्हणतो? व्यायाम करा, वर्षभर करा, धीर धरा. पहाटे गजर लावून उठते मी, पोरीचा पाय चोळते, ती रडते, मी रडते. तुला पोर नाही, तुला काय कळणार?"

हे शेवटचं वाक्य बाईला जिव्हारी लागलं.  फळीवर ताईचं गजराचं घड्याळ टिकटिकत होतं, जुनं, जाडजूड, हिरवट आकड्यांचं. बाईने ते कपाटात धरून कपाटाचं दार ओढून घेतलं, फटीतून आत पाहिलं आणि म्हणाली, "हे मी आठवडाभर नेते."

"ने. सगळंच ने."

पुढच्या रविवारी खोपट तुडुंब भरलं. ताईच्या हातात पेला, पेल्यात ढवळलेलं गढूळ पाणी. दार लागलं. तबकडी उजळली. बाबाने सूर लावला, "ये, प्राणा, ये!"

आणि कोपऱ्यात दुसरा उजेड दिसला. तसाच हिरवट, तसेच आकडे, आणि चमकणारे दोन काटे.

लोक दचकले. बाबाही दचकला. पण धंद्यात मुरलेला माणूस तो, क्षणात सावरला. "आला! आला! बाळांनो, लोटांगण घाला! वैमानिकाचा जोडीदार आला! इतकी वर्षं भटकत होता, आज मित्राला भेटायला आला! बोल, पुण्यात्म्या, बोल!"

पुण्यात्मा बोलला. कर्रर्रर्र करत त्याने खोपट डोक्यावर घेतलं.

"अय्या," ठमी अंधारात ओरडली, "आई, हे तर आपलं घड्याळ! आता पाय चोळायचा?"

आधी एकजण हसला, मग खोपटभर हशा उसळला. कुणीतरी दार ढकललं. भर उजेडात बाई उभी होती, हातात बोंबलणारं घड्याळ.

"बाबा, मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "गजराच्या घड्याळात कोणता वैमानिक मेला?"

"नास्तिक! कोप होईल!"

"कोप झालाच आहे. हात दाखवा."

बाबाने हात मागे घेतले. पण पुढच्या रांगेने पाहिले. तबकडी खरवडणारी बोटं सोलवटलेली, काळवंडलेली, न भरणाऱ्या जखमांची. मग बाबा स्वतःच हात पुढे धरून ती बोटं निरखू लागला. आपण काय विकतोय, हे त्या ठगालाही ठाऊक नव्हतं.

"अंधारात काटे दिसावेत म्हणून कारखान्यात लावलेला रंग आहे हा," बाई म्हणाली. "त्यात प्राण नाही. आहे ते हाडात जाऊन बसतं. चमकतं ते सगळं चांगलंच असतं का? विचारा ना! कसं चमकतं, कशाने चमकतं, प्यायच्या आधी एकदा तरी विचारा!"

 ताईने पेला ओतायला वाकवला.

"सांडू नकोस," बाई पटकन म्हणाली. "इथे पोरं खेळतात. या बाटलीत भर आणि हात धू."

ताईने भरलं. मग ठमीला उचलून कडेवर घेतलं, इतकं घट्ट की पोर कुरकुरली.

लोक पांगले. शिंपी हलला नाही.

"बाई, मी दोनदा प्यालो. आता माझं काय?"

 "उद्या माझ्याबरोबर मोठ्या दवाखान्यात चला," एवढंच बाई म्हणाली. शिंप्याने मान हलवली. पण तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला हवं होतं ते उत्तर तिच्याकडे नव्हतं.

ते तुमच्याकडे मागायचं आहे, साहेब. बाबाला पोलिसांनी नेलं, ठीक झालं. पण विमानात तबकडी एकच नसते. बाकीच्या तबकड्या कुणाच्या खिडकीत, कुणाच्या खेळण्यांत, कुणाच्या उशाशी आहेत? बंदुका मोजून नेल्यात, मग या का नाही नेल्या? आत विष आहे, हे पाटीवर लिहायला तुमच्याकडे रंग नव्हता का? शिंपी दारात उभा आहे. त्याला उत्तर द्या.