रिकाम्या झोळीचं वजन

मास्तरांनी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, पण गुण देताना हात कधी सैल सोडला नाही. त्यांची सून त्यांचीच विद्यार्थिनी. स्प्रिंगचा नियम लिहिताना ती 'ठरावीक मर्यादेतच' हे दोन शब्द विसरली, म्हणून त्यांनी अर्धा गुण कापला होता. तो लग्नातसुद्धा परत केला नाही.

आता त्यांची नात चार महिन्यांची. दवाखान्याच्या कार्डावर मागच्या महिन्यात साडेपाच किलो, आज स्प्रिंगच्या काट्याला झोळीत टांगून तोललं तर पाच किलो सहाशे. महिन्याची कमाई शंभर ग्रॅम. "वरचं दूध सुरू करा," नर्सबाई म्हणाल्या. सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, जणू उरलेलं वजन तिनेच कुठे दडवलंय.

"मी उपाशी नाही हो ठेवत तिला," सून म्हणाली. डोळे भरले होते.

"काटा खोटं बोलत नाही, सूनबाई," मास्तर म्हणाले. "जेवढं वजन, तेवढीच स्प्रिंग ताणते. नियमच आहे."

तेवढ्यात शिपाईमामा रद्दीचा गठ्ठा घेऊन आले आणि बाळाची रिकामी झोळी काढून तो काट्याच्या त्याच हुकाला अडकवू लागले.

सुनेने डोळे पुसले. "मामा, रद्दी यावरच तोलता?"

"दर महिन्याला. मागच्या तीन तारखेला गठ्ठा एवढा जड होता, की काटा पार शेवटाला जाऊन टेकला. मग रिकामा असला तरी अर्ध्या किलोवरच बसायचा."

कार्डावर मागच्या वजनाची तारीख होती पाच.

नर्सबाई कानकोंड्या झाल्या. "मला वाटलं, झोळीचंच वजन दाखवतोय, म्हणून वजा न करताच लिहिलं. परवा मिस्त्रीने शून्यावर आणला."

मास्तरांनी बायकोच्या पिशवीतला साखरेचा किलोचा पुडा हुकाला लावला. काटा बरोबर एकवर थांबला.

"म्हणजे आजचं वजन खरं," सून सावकाश म्हणाली. "मागचं अर्धा किलो जास्तीचं. पोर सहाशे ग्रॅम वाढलीय."

सासूबाईंनी नातीला उचललं. "मी म्हणतच होते, कंबर उगाच नाही दुखत माझी."

नर्सबाईंनी कार्डावरचे साडेपाच खोडून पाच केले. मास्तरांनी साखरेचा पुडा हुकावरून काढून परत पिशवीत ठेवला.

"तुझा तो अर्धा गुण," ते सुनेला म्हणाले, "दिला. आज ते दोन शब्द मीच विसरलो."

"व्याजासकट ना, बाबा?"

"मर्यादेत राहा," मास्तर म्हणाले आणि झोळीची घडी करायला लागले.