दादाचा हात

नकाशेकाकांनी दाढी केली ती अर्धीच. उजवा गाल अगदी तुळतुळीत, आणि डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच वाळत चाललेला. रेझर बेसिनच्या कडेवर ठेवून त्यांनी आरशात समाधानानं पाहिलं आणि म्हणाले, "झालं माझं."

शेजारी उभ्या असलेल्या ताईंना यात नवल वाटलं नाही. रुग्णांना दात घासणं, अंघोळ करणं, कपडे घालणं पुन्हा शिकवायचं, हेच त्यांचं काम होतं आणि ते त्या अकरा वर्षं करत होत्या. वॉर्डाच्या टोकाला त्यांची सरावाची खोली होती. तिथे बेसिन, आरसा, खाट, कपाट, न्हाणीतलं स्टूल, सगळं घरातल्यासारखं मांडलेलं. काकांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झाली होती. डावा हात लुळा पडला होता, पण त्याहून वाईट म्हणजे डावी बाजू त्यांच्या जगातून पुसलीच गेली होती. ताटात डावीकडे वाढलेलं ते तसंच सोडून उठायचे आणि वर जेवण कमी दिलं म्हणून कुरकुर करायचे. चौतीस वर्षं मोजणी कार्यालयात नकाशे काढण्यात गेली, म्हणून वॉर्डात त्यांना नकाशेकाका म्हणत. पण आता कागद दिला की उजव्या अर्ध्या भागात नद्या, रस्ते, टेकड्या दाटीवाटीनं यायच्या आणि डावा अर्धा कोरा राहायचा.

ताईंनी त्यांचा लुळा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "काका, हा हात कुणाचा?"

"दादाचा," काका लगेच म्हणाले.

"दादा कुठे आहेत?"

"हा काय, बसलाय की शेजारी. त्याची दाढी त्याला करू द्या."

असंही ताईंनी पाहिलं होतं. एका बाईंना स्वतःचा हात नर्सचा वाटायचा, एकानं तर आपलाच पाय परका समजून खाटेखाली ढकलला होता. पण संध्याकाळी काकू भेटायला आल्या तेव्हा ताईंनी सहज विचारलं, "काकांचे मोठे भाऊ कुठे असतात?"

काकूंनी डोळे मोठे केले. "यांना कुठला भाऊ? एकुलते एक आहेत हे. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, भाऊ असता तर मला कळलं नसतं?"

डॉक्टरांचं म्हणणं एकच, वाद घालायचा नाही. ताईंनाही ते पटलं. हात माझा नाही म्हणणाऱ्याला "तुमचाच आहे" म्हणून दहा वेळा सांगून काही होत नाही. त्यांनी मग उलटी वाट धरली. दुसऱ्या दिवसापासून सरावाच्या खोलीत दादांची उठबस सुरू झाली. शर्ट घालताना लुळा हात आधी बाहीत जायला हवा, हा त्यांच्या कामातला पहिला धडा. ताई म्हणायच्या, "आधी दादांना घाला, मग तुम्ही." काका मान डावीकडे वळवून बघायचे. तेवढीच त्यांची मान डावीकडे वळायची! मग दादाचा हात धुवायचा, दादाची नखं कापायची, दादाच्या कोपराला मलम लावायचं. काका हे सगळं इतक्या निगुतीनं करायचे की ताई बघत राहायच्या.

वॉर्डातल्या मावशींना मात्र हे आवडलं नाही. टॉवेलांची चळत ठेवताना एकदा त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या. पण रोज उठून कुणाला तरी हाक मारायची हे बरं नाही. एखाद्या दिवशी ओ देईल कोणी."

"देऊ दे की," ताई हसल्या. "हात हलला तर मला हवंच आहे."

तिसऱ्या आठवड्यात हात हलला.

काका तोंड धुऊन उजवीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होते. ओला टॉवेल मांडीवर पडला होता. डाव्या हाताची बोटं सावकाश उघडली, टॉवेलाचं टोक धरलं, तो मांडीवर पसरला, घडी घातली, आणि ती घडी गुंडाळून शेवटचं टोक आत खोचलं. ताईंनी आनंदानं जवळजवळ ओरडून म्हटलं, "काका, अहो हात हलला!"

"कुणाचा?" काकांनी विचारलं. हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता.

ताईंनी ताकद मोजायचं यंत्र त्या मुठीत दिलं. काटा जागचा हलला नाही. "काका, डावा हात उचला." काही नाही. "जोर लावा." काही नाही. ताईंनी यंत्र काढून घेतलं, आणि सवयीनं तोंडातून गेलं, "बरं दादा, पेन द्या बघू इकडे."

हातानं ट्रेमधलं पेन उचलून त्यांच्यासमोर धरलं.

काका खिडकीबाहेर कोण कोणाच्या गाडीला आडवं आलं ते सांगत होते. भर सकाळी साडेदहा वाजता, बाहेर ट्रॉल्यांचा खडखडाट चालू असताना, ते पेन घ्यायला ताईंना किती वेळ लागला कोण जाणे. त्या दिवशी फाइलमध्ये त्यांनी एवढंच लिहिलं : "प्रगती समाधानकारक."

त्यानंतर प्रगती भराभर झाली. काका उजवीकडे बघत गप्पा मारायचे आणि डावा हात आपलं काम करायचा. दात घासायच्या ब्रशवर पेस्ट लावून द्यायचा. केसांना पाणी लावून भांग पाडायचा, तोही काका पाडत तसा नाही, तर पार कानाजवळून. शर्टाची बटणं तो खालून वर लावायचा. काकूंचा आनंद पोटात मावेना. डॉक्टर राऊंडला आले की चार विद्यार्थ्यांना बोलावून दाखवायचे. ताई मात्र त्या हाताच्या आवाक्यात उभ्या राहिनाशा झाल्या.

मग काकांच्या आत्या भेटायला आल्या. पंच्याऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत, पण बोलणं अजून खणखणीत. सकाळचा सराव चालू होता, म्हणून ताईंनी त्यांना तिथेच खुर्ची दिली. काका शर्ट घालत होते. डाव्या हातानं सगळ्यात खालचं बटण लावलं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. गळ्याशी पोचल्यावर त्यानं कॉलर नीट केली आणि काकांच्या छातीवर दोनदा थोपटलं.

आत्यांच्या हातातली काठी खाली पडली.

"अरे, हे तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"काय, आत्या?" काका म्हणाले.

ताईंनी आत्यांना बाहेर बाकावर नेऊन पाणी दिलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. भाऊ होता. दोन वर्षांनी मोठा. दोघं शाळेत जायचे तेव्हा याचं सगळं तोच करायचा. अंघोळ घालायचा, भांग पाडायचा, शर्टाची बटणं लावून द्यायचा. वरून लावत आलं की शेवटी एक बटण उरतं, म्हणून नेहमी खालून लावायचा, आणि झालं की छातीवर थोपटायचा. मोठा बारा वर्षांचा आणि हा दहाचा असताना गावाबाहेर खाणीत साचलेल्या पाण्यात पोहायला गेले. परत आला तो हा एकटा.

"काय झालं ते यानं कधी सांगितलं नाही," आत्या म्हणाल्या. "माझ्या वहिनीनं फोटो फाडले, घर बदललं, गाव सोडलं. त्याचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. आम्हीही नाही काढलं. मग याच्या बायकोला काय सांगणार?"

ताईंना त्या रात्री झोप कशी ती लागली नाही. सकाळी काकांच्या समोर स्टूल ओढून त्या बसल्या आणि सरळच विचारलं, "काका, दादांना काय झालं होतं?"

काकांनी मान उजवीकडच्या भिंतीकडे वळवली. मग म्हणाले, "त्यानं माझा हात धरला होता. घट्ट. त्याच्याबरोबर मीही खाली जायला लागलो होतो हो, ताई. मी सोडवून घेतला. एक एक बोट उलगडून." मग त्यांनीच विचारलं, "तो काही बोलला का तुमच्याशी?"

"नाही."

"माझ्याशीही बोलत नाही. नुसतं करत असतो माझं."

घरी सोडायच्या आधी शेवटची परीक्षा असते. रुग्णानं सकाळचं सगळं आवरायचं, ताईंनी हात न लावता बघायचं. गुरुवारी नऊ वाजता ती सुरू झाली. दात घासले, दाढी झाली. डावा गाल आता उजव्याहून साफ. राहिलं तोंड धुणं. डाव्या हातानं बेसिनला बूच लावलं आणि नळ सोडला. पाणी काठोकाठ भरलं, तेव्हा नळ बंद केला. काका स्टुलावर बसल्या बसल्या पुढे वाकले. तेवढ्यात डावा हात वर उठला, मागे वळला, त्यांच्या मानेवर बसला आणि त्यानं त्यांचं तोंड पाण्यात दाबलं.

एक क्षण ताईंना वाटलं, तोंड धुतायत. मग पाण्यातून बुडबुडे आले. उजवा हात बेसिनच्या कडेवर निवांत पडला होता, तो काठ सोडून वर आलाच नाही. काका झगडतच नव्हते. ताईंनी दोन्ही हातांनी ती डावी मूठ धरली. कालपर्यंत जिच्यात यंत्राचा काटा हलवण्याइतकी ताकद नव्हती, ती मूठ लोखंडासारखी झाली होती. "दादा, सोडा! दादा, पुरे!" आज हाकेचा उपयोग नव्हता. त्यांनी करंगळी पकडली आणि उलगडली. मग दुसरं बोट धरलं, आणि आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बोट सोडून दिलं, पाण्यात हात घातला आणि बूच उपटलं.

पाणी गुडगुड करत खाली जाऊ लागलं. ते पूर्ण ओसरेपर्यंत हात हलला नाही. मग त्यानं मान सोडली, खुंटीवरचा टॉवेल ओढला आणि काकांचं तोंड पुसायला लागला. हळूहळू, न चुकता, कानांच्या पाठी, कानांच्या आत टोक फिरवून, लहान मुलाचं पुसावं तसं. काका खोकत होते, ठसकत होते. श्वास परत आला तसे म्हणाले, "डोकं धुताना असाच दाबायचा. मी रडायचो म्हणून."

खरं होतं ते, की काका त्याला सांभाळून घेत होते? ताईंना तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही. अहवालात त्यांनी लिहिलं, की बेसिन किंवा बादली भरून समोर ठेवू नये, नळाच्या धारेखालीच तोंड धुवावं, कुणीतरी जवळ असावं. काकूंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरातली सगळी बुचं काढून ठेवा. आणि रोज यांना सांगत जा की हा हात तुमचा आहे. कितीही वेळा नाही म्हणाले तरी सांगायचं. मी इथे उलटं केलं, ते चुकलं माझं."

महिन्याभरानं घरभेटीसाठी त्या गेल्या. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडकीशी काकांचं जुनं तिरकं टेबल. टेबलावर नकाशा होता, डावीकडच्या कडेपर्यंत भरलेला. ताईंच्या जिवात जीव आला. "काका, हा हात कुणाचा?"

"माझा," काका म्हणाले. ताईंनी उचला म्हणताच डावा हात वर गेला. जड, थरथरत, नवख्या हातासारखा. वरून खाली लावलेल्या बटणांत एक चुकलं होतं. सगळं जसं व्हायला हवं तसंच होतं.

काकू चहा ठेवायला आत गेल्या. काका खाली बघत होते. "हिनं रोज सांगितलं. आठवड्याभरानं मला पटलं. त्याच दिवशी गेला तो," ते म्हणाले. "साठ वर्षांनी आला होता, ताई. बरा झालो आणि घालवला." मग आवाज खाली आणून विचारलं, "पुन्हा झटका आला, तर येईल का हो तो?"

औषधांचा डबा टेबलावरच होता. ताईंनी तो उघडला. रक्तदाबाच्या महिन्याभराच्या गोळ्यांपैकी बावीस तशाच होत्या, म्हणजे पहिला आठवडा सोडून बाकी सगळ्या.

"काका, ही गोळी आत्ता घ्यायची. माझ्यासमोर."

त्यांनी गोळी टेबलावर ठेवली. काकांनी ओठ घट्ट मिटले आणि मान उजवीकडे वळवली. हट्टाला पेटलेलं दहा वर्षांचं पोर वळवेल तशी. ताई बोलायला तोंड उघडणार, तोच डावा हात सरकला. थरथर नाही, जडपणा नाही. त्यानं दोन बोटांत गोळी धरली, काकांच्या ओठांशी नेली आणि थांबला. घाई नव्हती त्याला. काकांचे डोळे हळूहळू भरून आले आणि ओठ उघडले. मग हातानं पाण्याचा पेला उचलून त्यांना पाजलं, हनुवटीवरचा ओघळ पुसला आणि मांडीवर जाऊन पडला.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ताई औषधांचा डबा बंद करत होत्या. ताईंनी चहा घेतला. निघताना दारात चपला घालता घालता त्यांनी काकूंना बजावून सांगितलं, की रोज सकाळी साडेआठला गोळी यांच्यासमोर ठेवायची, पाणी ठेवायचं, आणि दोन्ही डावीकडे ठेवायचं. उजवीकडे अजिबात नाही.