परशुराम मेस्तांचा लेप

तिसरा टर्बो उघडण्यापूर्वी परशुराम मेस्तांनी हात धुतले. यंत्राच्या गाभ्याला मळका हात लावू नये, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. मग आतला पंखा ओंजळीत घेऊन त्यांनी तो उजेडाकडे धरला. पात्यांच्या कडा झिजून कागदासारख्या पातळ झाल्या होत्या आणि त्यांच्या मुळाशी तांबडी धूळ कुंकवासारखी बसली होती.

सन अठ्ठ्याऐंशीचा फाल्गुन चालू होता. रेडी बंदरासमोर जहाज नांगरून उभे होते आणि खाणीवरून लोहखनिजाचे ट्रक दिवसभर धुरळा उडवीत धावत होते. त्या ताफ्यात टर्बो असलेल्या गाड्या दोनच : एक ट्रकमालक भाईंची, दुसरी हरिश्चंद्राची. इंजिनाचा धूर वाया न घालवता त्याच्याच जोराने एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने अधिक हवा इंजिनात लोटायची, अशी ती युक्ती. हवा गाळणीतून पंख्यापर्यंत येते ती हातभर लांबीच्या एका वाकड्या रबरी नळीतून. तिला सारे बेंड म्हणत. कंपनीचा मूळ बेंड दोन वर्षे टिकला. दुसरा पुण्याहून यायला महिना लागेल, असे कळल्यावर भाईंनी कोल्हापूरच्या बाजारातून हुबेहूब दिसणारे बेंड आणले, आणि त्यानंतरच्या एका वर्षात हा तिसरा टर्बो गेला.

"मेस्तानू, माझी गाडी टर्बो खाता की काय?" भाई दारातूनच गरजले. "वर्साक तीन! इतके तर माझो जावय चपले झिजवणा नाय."

"धूळ गेली हा आत," परशुराम म्हणाले.

"धूळ जायत खंयसून? बेंडाक लेप कोणी दिलो? तुमीच मा? तुमीच म्हणालात, ह्या लेपाक दर्या भियेता."

परशुरामांचे वडील देवबागेत होड्या बांधीत. काजूच्या टरफलांचे काळे, झोंबरे तेल फळ्यांना तीनदा पाजल्यावाचून त्यांनी एकही होडी पाण्याला दाखवली नाही. त्या होड्या त्यांच्या मागे पंचवीस वर्षे दर्यात राहिल्या. बाजारी बेंडाचा भरवसा न वाटून परशुरामांनी भाईंच्या प्रत्येक बेंडाला आतून-बाहेरून तोच लेप दिला होता. देताना वडिलांचे स्मरणही केले होते. त्या लेपात खोट निघणे म्हणजे वडिलांच्या हातात खोट निघणे.

"मगे उरलो कोण? सदानंद," भाई म्हणाले. "तापली गाडी खट्टकन बंद करता, म्हणान टर्बो जळता. तुमीच एकदा सांगल्यात."

सदानंद भाईंचा चालक. तो बाजूलाच उभा होता. "भाईनू, गाडी थांबली की मी एकशे आठ वेळा नाव घेतंय आणि मगेच इंजिन बंद करतंय. एक दिवस चुकलंय नाय. मेस्तानू, तुमी सांगा. पंखो जळलेलो आसा की झिजलेलो?"

दोघांचीही दृष्टी परशुरामांच्या ओंजळीकडे वळली. जळलेला पंखा काळानिळा पडतो, त्याचा दांडा अडकतो. हा दांडा लोण्यातल्या रवीसारखा फिरत होता. पंखा जळलेला नाही, एवढे एक वाक्य उच्चारले असते, तर सदानंदाची भाकर आणि त्याचे नाव दोन्ही तिथेच शाबूत राहिली असती. परंतु त्या वाक्यापाठोपाठ भाईंचा तोच प्रश्न पुन्हा येणार होता : धूळ आली कोठून?

"ता... असा एकदम सांगूक येणा नाय," परशुराम म्हणाले.

"मगे देवीक इचारू," भाई म्हणाले.

परशुरामांना हायसे वाटले. पुढे कितीतरी दिवस त्यांना त्या हायसे वाटण्याचीच अधिक लाज वाटत राहिली. त्या क्षणी मात्र त्यांची श्रद्धा निर्मळ होती. देवी सत्य जाणते, ती सत्यच बोलेल. मग आपण बोलण्याचे कारण काय?

सोमवारी देवळात गाव जमला. गुरवाने देवीच्या अंगावर उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले. "बाय माझे आवशी, ह्या लेकरान गाडयेची राखण नीट केली आसात, तर उजवो कौल दी. नायतर डावो दी."

"होय महाराजा!" गावाने साद दिली. परशुरामांनीही दिली.

बराच वेळ काहीच हलले नाही. समईची ज्योत तेवढी थरथरत होती. सदानंदाचे ओठ हलत होते. बहुधा त्याचा तोच जप चालला असावा. मग डाव्या बाजूची पाकळी सैल झाली, किंचित रेंगाळली आणि खाली पडली.

कोणी त्याला दूषण दिले नाही. वाट मोकळी करून देण्यासाठी माणसे बाजूला सरली, इतकेच. सदानंदाने देवीला नमस्कार केला, किल्ली भाईंच्या पायरीवर ठेवली आणि महिन्याभरात तो दोडामार्गाकडे एका रबराच्या बागेत कामाला लागल्याचे कानावर आले. ताफ्यात दुसऱ्या कोणी त्याला गाडी दिली नाही. देवीने खोटा ठरवलेल्या माणसाच्या हाती चाक कोण देणार?

भाईंच्या गाडीला नवा चालक आला, नवा टर्बो आला, नवा बेंड आला. लेप तेवढा जुना राहिला.

वैशाखात हरिश्चंद्र आपली गाडी घेऊन आला. "मेस्तानू, बेंड बघा जरा. धा म्हयने झाले. तुमच्या डब्यातला तेल संपला होता म्हणान आमचो तसोच बसवलात, आठवता?"

परशुरामांनी बेंड उतरवला. त्याच दुकानातला, त्याच खेपेचा. वाकाशी बारीक भेगा दिसू लागल्या होत्या, पण दाबला की रबर उसळून बोट मागे लोटत होते. तो बेंड हाती धरूनच ते भाईंच्या गाडीकडे गेले. तिथला बेंड दोन महिन्यांचा होता. त्यांनी अंगठा टेकला. तो पिकल्या फणसात रुतावा तसा रुतला. नळी आवळणाऱ्या क्लिपेखालचे रबर लापशीसारखे झाले होते आणि तिथल्या फटीतून आत गेलेली तांबडी रेघ स्पष्ट दिसत होती.

ते खालीच बसले. बाजारचा माल हलका होताच. कंपनीच्या दोन वर्षांपुढे तो दहाच महिन्यांत भेगाळत होता. पण त्या दहा महिन्यांचे दोन महिने करणारा हात बाजाराचा नव्हता. लाकडाला जे अमृत, तेच रबराला विष होते. वडिलांनी आयुष्यात रबराला कधी हात लावला नव्हता, आणि पुत्राने त्यांना विचारल्यावाचून त्यांचा आशीर्वाद रबराला फासला होता.

त्याच संध्याकाळी ते दोन्ही बेंड घेऊन भाईंच्या ओटीवर गेले आणि काही न लपवता सगळे सांगितले. भाईंनी दोन्ही बेंड दाबून पाहिले. ते मूर्ख नव्हते, त्यांना कळले.

"बरा," ते म्हणाले. "फुडे लेप नको."

"आणि सदानंद?"

"सदानंदाचा काय?"

"तो निर्दोष आसा, भाईनू. देवळात चार माणसांत सांगूक व्हया."

भाईंनी आवाज खाली आणला. "मेस्तानू, कौल तुमी दिलात की देवीन? आज एक कौल खोटो म्हटलात, तर उद्या माझ्या बागेच्या हद्दीचो कौलय खोटो म्हणतले. गप रवा. तुमी त्या दिवशीय गपच होतात मा?"

तरी पुढच्या सोमवारी परशुराम देवळात बोलायला उभे राहिले. त्यांनी मऊ पडलेला बेंड उंबऱ्याशी ठेवला आणि तोंड उघडले. गुरवाने तो दोन बोटांनी उचलून बाहेर नेऊन टाकला. "घाण वास मारता देवळात," तो म्हणाला, आणि आरती सुरू झाली. घंटेच्या नादात म्हाताऱ्याचे शब्द कोणाला ऐकू गेले नाहीत. ज्यांना गेले, ते मोठ्याने टाळ्या वाजवू लागले.

देवळाबाहेर टाकलेला तो बेंड पिशवीत घालून पावसापूर्वी ते एस.टी.ने दोडामार्गाला गेले. बागेतल्या शेडीत रबराच्या पिवळसर लाद्या धुरावर वाळत टांगल्या होत्या. सदानंद त्या उलटत होता. पिशवीतून बेंड निघताच त्याने तो दाबलाही नाही. नुसता वास घेतला.

"काजूचा तेल," तो म्हणाला. "हय येवच्या आधी हात साबणान धुवूक लावतत. तेलाचो बोट लागलो तरी लादी फुकट जाता. माका पयल्याच दिसा कळला, मेस्तानू."

"मगे येवन सांगलंस कित्याक नाय?"

"कोणाक सांगू? देवीक?"

परशुराम त्याचे हात धरायला पुढे झाले. सदानंदाने हात मागे घेतले नाहीत, पुढेही केले नाहीत. "तुमी हात धुवन पंखो हातात घेतलात," तो म्हणाला. "माका तेव्हाच वाटला, ह्यो माणूस खरा बोलतलो."

म्हाताऱ्या माणसाला एकटे कसे पाठवायचे, म्हणून तो स्टँडपर्यंत पोचवायला आला. स्टँडसमोर एक ट्रक येऊन उभा राहिला, इंजिन चालू ठेवून. परशुरामांनी सहज पाहिले. सदानंदाची नजर त्या ट्रकवर खिळली होती आणि त्याचे ओठ हलू लागले होते. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

ट्रकच्या चालकाने तापले इंजिन खटकन बंद केले. सदानंदाचा अंगठा तिसऱ्याच पेरावर थांबला.

"तुमची गाडी लागली, मेस्तानू," तो म्हणाला, आणि शेडीच्या वाटेने चालू लागला.