उताण्या सापाचं सोंग

बाजारामागच्या गोदामात एवढी गर्दी, की एकानं शिंकावं आणि तिघांच्या टोप्या उडाव्यात. मधोमध श्वासबाबा, फुंकरीनं आजार घालवतो म्हणणारा. त्यानं टोपलीतून पिवळ्या गळपट्ट्याचा पाणसाप काढला, काठीनं टोचला. साप वळवळला, उताणा झाला. तोंड उघडं, जीभ लोंबती, ओठांशी रक्त. घाण सुटली.

"हा मरणाचा वास!" बाबा म्हणाला. "याचा श्वास मी ओढून घेतलाय. आता परत देतो. दवाखाना पावती देतो, श्वास देतो का?"

पुढच्याच रांगेत रोपवाटिकेची मालकीण लेकीचा हात धरून उभी होती. लेकीला फिट्स येत. "ताई, औषध पोटात असलं की बाबांचा श्वास बसत नाही," असं मालकिणीच्या धाकट्या भावानं पटवल्यापासून लेकीच्या गोळ्या बंद होत्या.

बाबा डोळे मिटून पुटपुटू लागला. लेकीला मात्र राहवेना. रोपवाटिकेच्या तळ्याकाठी वाढलेली ती, तिला सापाचं कसलं भय?

"उताणं पडलंय बिचारं," म्हणत तिनं त्याला सरळ केलं.

साप टुणकन परत उताणा.

तिनं पुन्हा सरळ केलं. तो पुन्हा उताणा झाला, जीभसुद्धा नीट बाहेर काढून.

"मेल्यावर कूस बदलतोय की हा," मागून कोणीतरी म्हणालं.

"जीव अर्धा परतलाय," बाबा घाईनं म्हणाला.

आईनं लेकीचे हात पुसायला घेतले आणि ती थबकली. मरणाचा म्हणे वास! हाच वास ती हल्ली भावाच्या सदऱ्यातून धूत होती. 'खत उपसलं,' म्हणायचा. तिच्या खताच्या ढिगात ऊब असते. पाणसापिणी तिथं अंडी घालायला येतात.

"बाबाला हे साप तू धरून देतोस?" तिनं मागं उभ्या भावाकडे वळून विचारलं.

भाऊ टोपलीकडे बघत राहिला. "ताई, बिनविषारी असतो गं. बेडूक खाऊन जगतो. धरला की घाण सोडतो, मेल्याचं सोंग घेतो. सोडून दिला की उठतो. कोणाचं काय बिघडतं?"

"हिच्या गोळ्या बंद करायला लावल्यास, तेव्हाही हे ठाऊक होतं?"

"चार दिवसांनी काय होतंय, वाटलं."

आईबाप गेल्यावर तिनंच याला भरवून मोठं केलं होतं. ती लोकांकडे वळली.

"साप जीव वाचवायला सोंग करतो, त्याला नावं ठेवू नका. पण सापाला जे आपसूक येतं, ते या बाबाची विद्या कसं? ज्यांनी औषधं सोडलीत, त्यांनी आजच डॉक्टरांना गाठा. आणि कोणी मेलेलं उठवतो म्हणाला, तर आधी ते मेलंय का बघा. माझ्यासारखं भावाच्या शब्दावर जाऊ नका."

बाहेर येऊन तिनं पिशवीतली गोळी काढली. फेकायला हात धजला नव्हता, तेवढं बरं.

"आई, मामाला सगळं माहीत होतं?"

"होतं," ती म्हणाली. "गीळ आधी. मग डॉक्टरांकडे जाऊ."